उंदरांमधील परजीवीजन्य हृदयविकार

प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांना परजीवींचा संसर्ग झाल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूला होणारी इजा. या विषयातला बराचसा अभ्यास ट्रिपॅनोसोमा क्रूझी या एकपेशीय परजीवीवर झाला आहे. ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस शागास यांनी तो १९०९ मध्ये शोधून काढला. त्याच्यामुळे होणाऱ्या शागास रोगात माणसाचे हृदय निकामी व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. उंदरात तेच काही महिन्यांत पाहायला मिळते.

संसर्ग झाल्यावर उंदराच्या शेपटीतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर तपासतात. परजीवी नजरेत भरण्याआधी तांबड्या पेशींची धक्काबुक्की दिसते. वळवळणारा जीव त्यांना ढकलत पुढे जात असतो. काही आठवड्यांनी रक्त जवळपास स्वच्छ दिसू लागते. इथेच फसगत होते. परजीवी तोवर स्नायुपेशींत शिरलेला असतो. तिथे तो शेपूट टाकून गोल होतो, विभागत राहतो आणि चार-पाच दिवसांत पेशी फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या पेशींभोवती लसीकापेशी व महाभक्षक पेशी या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, स्नायूला सूज येते आणि मेलेल्या तंतूंच्या जागी आकुंचन न पावणारी तंतुमय ऊती भरते. विद्युत हृदयालेखात (ईसीजीत) ठोक्यांचा संदेश रेंगाळलेला दिसतो.

जुन्या संसर्गात परजीवी तुरळक आणि नासधूस मात्र मोठी, याचे कोडे बरेच दिवस होते. शरीर आपल्याच हृदयावर उलटते, असे एक मत. परजीवी थोडा का होईना, टिकून असतो, हे दुसरे. ऊतींत परजीवीचे डीएनए सापडू लागल्यावर दुसऱ्या मताचे पारडे जड झाले. तरी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बेन्झनिडाझोल या परजीवीनाशक औषधाने रुग्णांच्या रक्तातले परजीवी घटले, पण आधीच बिघडलेल्या हृदयाची घसरण थांबली नाही. निष्कर्ष उंदराच्या जातीवर आणि परजीवीच्या वाणावरही अवलंबून असतात. शिवाय मिनिटाला पाचशेच्या वर ठोके देणारे हृदय माणसाच्या हृदयाशी किती जुळवायचे, हा प्रश्न उरतोच.

शागास रोग भारतातला नव्हे. सोलापूरकडच्या पशुवैद्यांना ठाऊक असतो तो त्याच्या भाऊबंदाचा, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीचा, ‘सर्रा’. पंढरपुरी म्हैस असो वा खिलार बैल, चावऱ्या माश्यांमार्फत हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो. जनावराच्या रक्तात परजीवी दिसला नाही, तर ते रक्त उंदराला टोचून निदान करण्याची पद्धत जुनी आहे. उंदराच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो. मात्र इव्हान्सी पेशीत शिरत नाही, रक्तात आणि ऊतींच्या द्रवात राहतो. त्यामुळे अशा उंदराच्या हृदयात सूज आढळली तरी क्रूझीसारखी स्नायुपेशींतली घरटी सापडत नाहीत.