आंब्यावर चिकटलेलं सगळंच बांडगूळ नसतं

एप्रिलमध्ये पिंपळनेरकडे मामांच्या शेतात गेलो होतो, बांधावरच्या जुन्या आंब्याची साफसफाई चालू होती, आणि खाली तोडलेल्या फांद्यांच्या ढिगात एक व्हॅन्डा, म्हणजे झाडावर वाढणारं एक ऑर्किड, पडलेला दिसला, तोही फुलांसकट. मी उचलून बाजूला ठेवला तर मामा म्हणाले, "अरे भाचा, बांडगूळ शे ते, आंबाले खाई जास." मामांची चूक नाही, आपल्याकडे धुळे-नंदुरबारात झाडावर जे काही वेगळं हिरवं दिसेल त्याला बांडगूळच म्हणतात आणि दरवर्षी कितीतरी ऑर्किड कोयत्याखाली जातात. गंमत म्हणजे व्हॅन्डा हे शास्त्रीय नाव आलंय संस्कृत वंदा या शब्दावरून, आणि बांडगुळालाही जुन्या ग्रंथांत वंदाच म्हटलंय, म्हणजे हा घोळ फार जुना आहे.

फरक मात्र सोपा आहे. बांडगूळ फांदीच्या आत घुसतं. त्याचं चिकट बी फुलटोचा पक्षी फांदीवर पुसून जातो, ते रुजलं की साल फोडून थेट आंब्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जोडून घेतं, आणि त्या जागी फांदीला गाठ येते. ते काढायचं तर फांदीच तोडावी लागते. ऑर्किड फक्त वर बसलेलं असतं. त्याचं मूळ नखाने हळूच उचलून बघा, सालीचा वरचा मेलेला पापुद्रा सोबत येतो आणि खालचं लाकूड जसंच्या तसं. आंब्याकडून ते बसायला जागा घेतं, बाकी काही नाही.

आपल्या भागात कोरड्या पानगळीच्या जंगलात सगळ्यात जास्त भेटतो तो व्हॅन्डा टेसेलाटा. पट्ट्यासारखी जाड पानं दोन बाजूंना ओळीने, पानाचं टोक कुणीतरी चावल्यासारखं वेडंवाकडं, आणि फुलावर पिवळट-तपकिरी चौकडी, मधली पाकळी जांभळट-निळी. टेसेलाटा म्हणजेच चौकडीचा. पान पेन्सिलसारखं गोल असेल तर ती लुइसिया. पानं व्हॅन्डासारखीच पण फार ताठ आणि फुलं बारीक, पिवळ्यावर लालसर पट्टे, तर अ‍ॅकाम्पे. गुलाबी फुलांचा लोंबता झुबका पावसाच्या तोंडावर दिसला तर एरिडिस असण्याची शक्यता जास्त. आणि उन्हाळ्यात पानं नसलेल्या, सुरकुतलेल्या कांड्या दिसल्या तर मेलंय म्हणून फेकू नका, ते डेंड्रोबियम असतं, कांड्यांत पाणी साठवून झोपलेलं.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता ते, म्हणजे मूळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, माती नाही, विहीर नाही, आणि हे झाड फांदीवर उघड्या मुळांनी लटकून जगतं, कसं? घरी आणल्यावर मी एक गोष्ट केली, तुम्हीही करा. कोरडं मूळ चांदीसारखं पांढरं दिसतं. त्यावर स्प्रेने पाणी मारा आणि डोळे न हलवता बघत राहा. काही सेकंदांत पांढरा रंग विरतो आणि आतून हिरवा वर येतो. भज्यांच्या कागदावर तेल पसरलं की मागची अक्षरं दिसायला लागतात ना, अगदी तेच कारण आहे. कागदाच्या तंतूंमधली हवा प्रकाश इकडेतिकडे उडवते म्हणून कागद पांढरा, तेलाने ती हवा घालवली की प्रकाश आरपार.

मुळाच्या बाहेरच्या या थराला वेलामेन म्हणतात. यातल्या पेशी तयार झाल्या की मरतात, हेच त्यांचं काम. आतलं सगळं जातं, उरतात रिकाम्या खोल्या, भिंतींना भोकं, आणि कोरडं पडल्यावर खोली चेपू नये म्हणून भिंतींवर जाड पट्ट्या. म्हणजे स्पंज. पाणी लागलं की सेकंदांत आत, आणि सुकायला मात्र कित्येक तास. त्याच्या आत एक्सोडर्मिस नावाचा पेशींचा एकेरी थर असतो, यातल्या बहुतेक पेशींच्या भिंती जाड आणि पाणी न सोडणाऱ्या, पण मधेमधे काही पातळ भिंतीच्या पेशी, त्यांना पॅसेज पेशी म्हणतात, पाणी आणि क्षार आत जातात ते या दारांतूनच. त्याच्या आत हिरवा भाग, त्यात हरितद्रव्य, म्हणजे मूळसुद्धा उन्हात थोडं अन्न बनवतं. आणि अगदी मध्ये दोऱ्यासारखी चिवट शीर, तीच पाणी वर नेते.

हा स्पंज इतका घाईत का शोषतो त्याचं उत्तर पहिल्या पावसात आहे. आठ महिने पानांवर, सालीवर धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजका पाला साठलेला असतो, पहिली सर पडली की हे सगळं विरघळून खोडावरून ओघळतं. खतपाणी म्हणजे तेच, आणि नंतरच्या पावसात ते पातळ होत जातं. जे मूळ पहिल्या काही मिनिटांत भरलं त्याने जेवण मिळवलं.

आणि भिजलेल्या मुळाकडे अजून जवळून बघा, हिरव्या रंगात बारीक पांढऱ्या रेघा तशाच राहतात. पाणी मारून थकाल पण त्या भिजत नाहीत. ते न्यूमॅथोड, श्वास घ्यायची जागा. बाकी स्पंज पाण्याने बंद झाला तरी तिथून हवा आत जाते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा भिंगातून तासभर तेच बघत बसलो होतो. ऑर्किड कुंडीत मातीत लावलं की का सडतं तेही इथेच कळतं, माती सतत ओली, मुळाला सुकायला वेळच नाही, हवा कोंडली आणि मूळ मऊ तपकिरी झालं.

पानांची युक्ती वेगळी. व्हॅन्डा पानांची छिद्रं रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्ल म्हणून साठवतो आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून वापरतो. पानफुटीतही हेच होतं, 1815 साली बेंजामिन हेन यांचं निरीक्षण छापून आलं होतं की भारतातल्या त्यांच्या बागेत पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत चव जाते. कारण कळायला पुढे शंभरहून जास्त वर्षं लागली.

मधेच एक सांगतो कारण राहवत नाही. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, अमुक झाडाचं बांडगूळ गुरुपुष्यावर आणून तिजोरीत ठेवा, पैसा येतो. कुठलंही बांडगूळ पैसा आणत नाही, आणि ओळख नसलेले लोक त्या नादात ऑर्किड ओरबाडतात. रास्ना या आयुर्वेदिक औषधाच्या नावाने व्हॅन्डाची मुळं विकण्याचंही तसंच, रास्ना या एकाच नावाने देशात किमान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यामुळे नावावर भरवसा ठेवून काढा उकळू नका. आणि यावल अभयारण्यातून किंवा तोरणमाळच्या जंगलातून उपटून आणणं तर सरळ गुन्हा होऊ शकतो. ऑर्किडच्या एका शेंगेत धुळीसारखी लाखो बियाणं असतात पण त्यांच्यात अन्नच नसतं, ठरावीक बुरशीने मदत केली तरच रुजतात, हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये दाखवलं. म्हणून एक उपटलं की त्या जागी दुसरं येईलच असं नाही.

पण शेतातला आंबा तोडताना खाली पडलेलं मिळालं तर जगवता येतं. मेलेली मुळं कापा, दाबल्यावर मऊ पोकळ लागतात ती. आंब्याच्या सालीसकट ओंडक्यावर किंवा जिवंत चाफ्याच्या फांदीवर काथ्याने बांधा, माती नाही, शेणखत नाही. सकाळी मुळं हिरवी होईपर्यंत पाणी, संध्याकाळपर्यंत सुकली पाहिजेत. मार्च ते जून ग्रीन नेटची सावली आणि दोन वेळा पाणी. आपलं बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार मुळांवर पांढऱ्या सालीसारखे बसतात, पावसाचं साठवलेलं पाणी सर्वात चांगलं, आणि आरओचं बाहेर टाकलेलं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार अजून जास्त असतात.

मामांकडचा तो व्हॅन्डा मी आमच्या देवपूरच्या अंगणात चाफ्यावर बांधला. फुलं आठवड्यात गळाली, खालची दोन पानं पिवळी पडली, मेभर काहीच हललं नाही. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर एका जुन्या मुळाच्या टोकाला हिरवट जांभळी चमकदार नोक आली, आता ती चाफ्याच्या सालीला टेकलीय. मामांना फोटो पाठवला तर त्यांनी विचारलं, बांधावरच्या आंब्यावर अजून दोन आहेत, ती ठेवू का?