लाइन जागेवरच असते, लुक चुकतो

शॉर्टफिल्मच्या एडिटला बसलं आणि दोन पात्रांचं बोलणं जुळेना, की खोलीतलं कुणीतरी लगेच निदान करतं, ‘लाइन क्रॉस झालीय.’ दिग्दर्शक कॅमेरामनकडं बघतो, कॅमेरामन असिस्टंटकडं. फुटेज नीट बघितलं तर बहुतेक वेळा लाइन जिथल्या तिथं असते. चुकलेला असतो लुक, म्हणजे नटाची नजर. ही सरमिसळ मी कोल्हापुरातल्या इतक्या सेटवर ऐकली आहे की आता ती एकदा सोडवून लिहायलाच हवी. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी मूकपटांच्या काळात स्वदेशी कॅमेरा घडवला, त्या गावात कॅमेऱ्यासमोर कुणी कुठं बघायचं याबद्दल एवढी ढिलाई बरी नाही.

लाइन तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या मधून एक रेघ जाते, असं धरायचं. कॅमेरा त्या रेघेच्या एका बाजूच्या 180 अंशांत कुठंही फिरू दे, डावीकडचा माणूस डावीकडं राहतो आणि उजवीकडचा उजवीकडं. पलीकडं गेला की दोघांची अदलाबदल होते. बस्स, एवढंच. (एकाच माणसाच्या दोन शॉटमध्ये कॅमेरा निदान 30 अंश हलवावा, हा नियम वेगळा. तो मोडला तर कट नुसता उडी मारल्यासारखा दिसतो, पात्रांच्या दिशा बिघडत नाहीत.)

लाइन तपासायची सोपी खूण म्हणजे सजेशनचे शॉट, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दाखवणारे. एक सजेशन एकाच्या डाव्या खांद्यावरून घेतलं असेल, तर उलटं सजेशन दुसऱ्याच्या उजव्या खांद्यावरून आलं पाहिजे. दोन्हीकडं डावाच खांदा दिसला तर कॅमेरा नक्की पलीकडं गेलाय. ही खूण मला कागदावरच्या आकृतीपेक्षा जास्त आवडते, कारण मॉनिटरवर बघून सेटवरच्या सेटवर सांगता येते.

आता खरा घोळ.

मिसळीचं हॉटेल धरा. टेबल भिंतीला लावलेलं. डावीकडं संभा, उजवीकडं त्याची आक्का, विषय उसाच्या रानाच्या वाटणीचा. भिंत पलीकडं असल्यामुळं कॅमेरा अलीकडच्याच बाजूला राहणार, भिंतीतून तो काही जाणार नाही. म्हणजे इथं कॅमेऱ्यानं लाइन ओलांडणं शक्यच नाही. आधी मास्टर झाला, म्हणजे दोघं दिसणारा अख्ख्या सीनचा शॉट, मग आक्काचा क्लोज झाला, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचा. आक्काचं काम करणाऱ्या बाईंना सोडून दिलं. मग संभाचा क्लोज लागला आणि क्यू द्यायला, म्हणजे आक्काची वाक्यं बोलायला, एक असिस्टंट उभा राहिला. कुठं? जिथं जागा मिळाली तिथं, लाइटच्या स्टँडला चिकटून, लेन्सच्या डाव्या हाताला. नटाचं चुकलं नाही, तो बोलणाऱ्याकडं बघून बोलला. पण आक्का लेन्सच्या उजवीकडं असायला हवी होती. एडिटला दिसतं काय, तर आक्का डावीकडं बघतीय आणि संभाही डावीकडंच बघतोय. जणू दोघं मिळून तिसऱ्याच कुणावर चिडलेत. आणि लगेच ऐकू येतं, ‘लाइन क्रॉस झाली.’

लाइन क्रॉस झालेली नाही. कॅमेरा जिथं पाहिजे तिथंच होता. क्यू देणारा पलीकडं गेला होता. पडद्यावरचं दुखणं सारखंच दिसतं, म्हणून नाव एकच पडतं, पण इलाज वेगळा आहे. लाइन चुकली तर कॅमेरा हलवायचा, त्याच्याबरोबर लाइट हलवायचे आणि तास घालवायचा. लुक चुकला तर एका माणसाला चार पावलं उजवीकडं सरकवायचं. हा फरक न कळल्यामुळं अख्खं लाइटिंग उतरवताना मी बघितलंय, आणि पुढच्या टेकलाही असिस्टंट त्याच स्टँडजवळ उभा.

काय चुकलंय ते ओळखायचं असेल तर पात्रांचे डोळे सोडा आणि त्यांच्या पाठीमागं काय दिसतं ते बघा. कॅमेरा पलीकडं गेला असेल तर पाठीमागचं सगळं बदलतं. भिंतीवरच्या दरफलकाऐवजी रस्ता दिसतो, चेहऱ्यावरची उजेडाची बाजू फिरते. पाठीमागं सगळं बरोबर आहे आणि नजर तेवढी उलटी आहे, तर चूक लुकची.

हे झालं डावं-उजवं. याहून वाईट चूक पुढची, कारण तिला कुणी नावही देत नाही. बाजू बरोबर असते, पण नजर लेन्सपासून किती लांब आहे हे जुळत नाही. संभाच्या क्लोजला क्यू देणारा मॅटबॉक्सला (लेन्सपुढच्या चौकटीला) टेकून उभा, म्हणजे संभाचे दोन्ही डोळे आपल्याला दिसतात. आक्काच्या वेळी मात्र खरा नट टेबलापलीकडं बसलेला आणि कॅमेरा बाजूला, त्यामुळं आक्का जवळजवळ एकगाली. दोघं योग्य दिशेलाच बघतायत, लाइन चोख आहे, सजेशनचे खांदे बरोबर आहेत. तरी कट केल्यावर संभा बहिणीशी बोलतोय आणि आक्का शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाशी, असं वाटतं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. ‘सीनमध्ये मजा नाही आली’ एवढंच तो म्हणतो, आणि दोष जातो नटांच्या माथी. मला या धंद्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. चांगला अभिनय पाच-सहा इंचांच्या हलगर्जीपणामुळं वाया जातो.

उंचीचंही तसंच. आक्का रागानं उठून उभी राहिली तर संभाची नजर वर जायला हवी आणि आक्काची खाली. क्यू देणारा खुर्चीवरच बसून राहिला, की संभा तिच्या पोटाशी बोलताना दिसतो. म्हणून क्यू द्यायला सहनटच पाहिजे, त्याच जागी, त्याच उंचीवर. ‘माझा क्लोज झाला, मी निघतो’ म्हणणाऱ्या नटाला मी थांबवतो, मग तो कितीही मोठा असो. जागाच नसेल तर मॅटबॉक्सच्या कडेला टेपचा तुकडा लावा आणि त्यावर बोलायला सांगा. लांबच्या रिकाम्या भिंतीकडं बघायला लावण्यापेक्षा ते कधीही बरं.

अगदी जवळच्या क्लोजमध्ये आणखी एक गोष्ट. समोरच्याच्या दोन डोळ्यांत आळीपाळीनं बघायची आपल्याला सवय असते. समोरासमोर ते कळत नाही, पण मोठ्या पडद्यावर बुबुळं सैरभैर हलतात आणि माणूस खोटं बोलतोय असं वाटतं. नटाला एकच डोळा नेमून द्या, लेन्सच्या जवळचा. आपल्या मांडणीत संभानं आक्काच्या डाव्या डोळ्यात बघायचं आणि आक्कानं संभाच्या उजव्या.

मला स्वतःला लेन्सला चिकटलेला लुक आवडतो. दोन्ही डोळे दिसले पाहिजेत. एकगाली क्लोज घेऊन ‘स्टाइल आहे’ म्हणणं मला पटत नाही. पण तुम्हाला लांबचा लुक हवाच असेल तर घ्या, फक्त दोघांना सारखाच द्या, आणि लेन्स व कॅमेऱ्याचं अंतरही दोन्हीकडं तेच ठेवा.

इथं कुणीतरी जपानचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचं नाव काढतो. ‘ते तर लाइन बिनधास्त तोडायचे.’ तोडायचे, खरं आहे. पण त्यांच्या समोरासमोरच्या शॉटांत काय जपलेलं असतं ते बघा. दोन्ही पात्रं जवळजवळ लेन्समध्येच बघतात, फ्रेममध्ये दोघांचा आकार आणि जागा मिळतीजुळती, कॅमेरा तसाच खाली लावलेला. लाइन सोडली, पण लुक काटेकोर. त्यांचा दाखला देऊन दोन्ही गोष्टी सोडणाऱ्यांनी अर्धीच गोष्ट उचलली आहे. मी तर म्हणेन, दोन्हींतलं एकच सांभाळता येणार असेल तर लुक सांभाळा.

चूक झाल्यावरचे दोन घरगुती उपाय मला बिलकूल मान्य नाहीत. पहिला, मध्ये तर्रीच्या वाटीचा इन्सर्ट टाकणं, म्हणजे नुसत्या वाटीचा जवळचा शॉट. इन्सर्टमुळं कटचा धक्का कमी होतो, पण पुढच्या शॉटला संभा चुकीच्या दिशेलाच बघत असतो. दुसरा, शॉट आडवा उलटवणं. नजर फिरते, मान्य. पण त्याबरोबर शर्टाचा डावा खिसा उजवीकडं जातो, केसांचा भांग फिरतो, आक्काचा पदर दुसऱ्या खांद्यावर जातो आणि पाठीमागच्या फलकावरची ‘मिसळ’ उलटी वाचावी लागते.

तिसरं माणूस आलं की मात्र लाइनचा खरा विचार करावा लागतो. रेघ खुर्च्यांमधून जात नाही, नजरांमधून जाते. चुलते टेबलाशी येऊन उभे राहिले आणि बोलता बोलता संभानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, की त्या क्षणापासून संभा-चुलते ही नवी लाइन. ती मान वळताना प्रेक्षकाला दिसली असेल, तर कॅमेऱ्याला नवी बाजू घ्यायची मोकळीक मिळते. म्हणून असे सीन लावताना मी मान वळण्याचा क्षण मास्टरमध्येही घेतो आणि संभाच्या क्लोजमध्येही, चुलत्यांच्या पहिल्या वाक्याच्या आधीपासून कॅमेरा चालू ठेवून. एडिटरला तेवढे दोन सेकंद मिळाले की पुढचा चुलत्यांचा क्लोज कुठल्याही बाजूनं लावता येतो.