प्लग आहे, पण प्लेट पांढरी

ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटपाशी पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी लावा, वॉचमन हटकणारच: पेट्रोलची गाडी इथे कशाला? २०१८ पासून आलेली हिरवी प्लेट निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीलाच मिळते. प्लग-इन हायब्रीड प्लगला लावून चार्ज होते, पण तिला पेट्रोलची टाकीही असते, म्हणून तिची प्लेट पांढरी. घोळ प्लेटपुरता असता तर सोसायटीच्या मीटिंगमध्येच मिटला असता. तो मुळात 'हायब्रीड' या शब्दाचा आहे.

इंजिन आणि मोटर एकाच गाडीत बसवायची कल्पना १९०० च्या सुमाराची. ती रुळली १९९७ साली जपानमध्ये आलेल्या टोयोटाच्या प्रियसमुळे. तिच्यातला प्लॅनेटरी गिअर इंजिनाची काही ताकद थेट चाकांना देतो, काही जनरेटरकडे वळवतो. बॅटरी मात्र जेमतेम पावणेदोन युनिटची, आणि बाहेरून चार्ज करायची सोयच नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी तिच्या डिकीत जादा बॅटऱ्या कोंबल्या आणि घरच्या प्लगला वायर जोडली. कारखान्यातून तशीच तयार निघालेली गाडी २००८ च्या अखेरीस चीनमध्ये विक्रीला आली. २०१० च्या शेवरले व्होल्ट या गाडीत बॅटरी १६ युनिटची झाली आणि पेट्रोलला हात न लावता पन्नासेक किलोमीटर जाता येऊ लागलं.

आपल्याकडे वाद पेटला तो करावरून. २०१५ च्या केंद्रीय अनुदान योजनेत ज्यांना हायब्रीड म्हणून पैसे मिळाले, त्यांत माइल्ड हायब्रीडही होत्या: इंजिनाच्या बेल्टला जोडलेला स्टार्टर-जनरेटर आणि छोटी बॅटरी. सिग्नलला इंजिन बंद होतं, निघताना थोडा हातभार लागतो, बस्स. नुसत्या विजेवर ती गाडी एक इंचही हलत नाही! १ एप्रिल २०१७ पासून त्यांचं अनुदान थांबलं, ते योग्यच झालं. पण तीनच महिन्यांनी जीएसटी आला आणि चार मीटरपेक्षा लांब सगळ्या हायब्रीडवर २८ टक्के अधिक १५ टक्के उपकर, म्हणजे ४३ टक्के कर बसला. आधी तो तीसेक टक्के होता. विजेच्या गाडीला १२, पुढे २०१९ पासून ५. रोज प्लगला लागणारी गाडी आणि बेल्टवाली गाडी एकाच रांगेत. माइल्ड हायब्रीडनी घेतलेल्या अनुदानाशी प्लग-इनचा काडीचा संबंध नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला. मोठ्या हायब्रीडचा दर ४० वर आला, रांग तीच राहिली.

प्लग-इनवर शंका घेणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. २०२४ मध्ये युरोपात प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे जाहीर झाले, तेव्हा प्लग-इन गाड्या चाचणीतल्या आकड्याच्या साधारण साडेतीनपट इंधन पिताना आढळल्या. कारण लोक गृहीत धरलं होतं तितकं चार्ज करत नाहीत. बॅटरीत चार्ज आहे तोवर मोटर गाडी ओढते; तो एका ठरावीक पातळीखाली गेला की गाडी साध्या हायब्रीडसारखी वागते, वर मोठ्या बॅटरीचं ओझं वाहते.

माजिवड्याहून महापे, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. रात्री प्लग मिळाला तर एवढं अंतर विजेवर आरामात निघतं. पण घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये गाडी स्टॅक पार्किंगच्या वरच्या पाळण्यात असेल, तर वायर तिथवर न्यायची कशी?