केशरी कार्ड, शिक्का आणि मुंबईतली खुरटलेली पोरं

मुंबईत कुठं आलंय कुपोषण, ते तर मेळघाटात ना? हा प्रश्न लोक मनापासून विचारतात, आणि त्यांची चूकही नाही, कारण वर्षानुवर्षं या विषयाच्या बातम्या आल्या त्या धारणी-चिखलदऱ्याच्या नाहीतर जव्हार-मोखाड्याच्या. पण मुंबईतली पोरं का खुरटतात हे कळायला आधी रेशन कार्डाच्या रंगांची भानगड कळायला हवी, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

फार मागं जात नाही. मुंबईत रेशनिंग आलं १९४३ साली, लढाईच्या दिवसांत. नंतरचा अमेरिकन गहू आणि बहात्तरच्या दुष्काळातली मिलो नावाची परदेशी ज्वारी, हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आपण ऐकलेलं आहेच. मुद्दा इतकाच की १९९७ पर्यंत रेशन सगळ्यांचं होतं. आमच्या चाळीत गिरणीतला जॉबर आणि बँकेतला क्लार्क एकाच दुकानातून साखर आणि पामतेल आणायचे, रॉकेलच्या रांगेत माणसांच्या जागी डबे लावलेले असायचे, आणि तांदूळ आणला की आई दुपारी ताट घेऊन खडे निवडत बसायची. धान्य चांगलं नव्हतं पण यायचं, आणि रांगेत सगळे होते म्हणून दुकानदाराला जाब विचारणारेही होते.

जून १९९७ मध्ये केंद्रानं ठरवलं की स्वस्त धान्य फक्त गरिबांना द्यायचं. ऐकायला बरं वाटतं. पण गरीब कोण हे ठरवताना जे झालं ते माझ्या मते शहरांच्या बाबतीत गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात वाईट निर्णय होता. राज्यात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली, वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत तर पिवळं, १५ हजार ते १ लाख केशरी, त्याच्या वर पांढरं. १५ हजार वर्षाला म्हणजे दिवसाला ४१ रुपये, पाच माणसांच्या घराचे, त्यातच खोलीचं भाडं, पाणी, लोकलचा पास. मुंबईत नाक्यावर उभा राहणारा बिगारीसुद्धा महिन्यातले निम्मे दिवस काम मिळालं तरी या रेषेच्या वर जायचा. गडचिरोलीला आणि गोवंडीला एकच आकडा लावला, जणू दोन्हीकडं पाणी विहिरीचं आणि सरपण जंगलातलं. त्याच सुमाराला एका सरकारी समितीच्या अहवालात नोंद आली की अख्ख्या धारावीत दारिद्र्यरेषेखालची कार्डं असलेली कुटुंबं होती १५१. एकशे एक्कावन्न. धारावीत! २००१ च्या जनगणनेत मुंबईची निम्म्याहून जास्त वस्ती झोपडपट्टीत होती, तिथं ही संख्या.

म्हणजे खरा गरीब गेला केशरीत. आणि केशरीचं काय झालं, तर एप्रिल २००० मध्ये दारिद्र्यरेषेवरच्या कार्डांसाठी धान्याचा भाव सरकारला पडणाऱ्या पूर्ण खर्चाइतका केला, मग रेशनचा गहू आणि वाण्याचा गहू यात फरकच राहिला नाही, लोकांनी धान्य उचलणं सोडलं, दुकानात नुसतं रॉकेल उरलं आणि कित्येक दुकानं दिवसभर अर्धं शटर ओढून बसायला लागली. तरी लोकांनी कार्ड टाकलं नाही, कारण झोपडी अमुक सालाच्या आधीची आहे हे दाखवायला तेच कागद उपयोगी. कार्ड पोटासाठी राहिलं नाही, छपरासाठी राहिलं.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा वाटलं हा गुंता सुटेल. माणशी ५ किलो, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये. शहरात उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार केली, खेड्यात ४४ हजार, म्हणजे शहर महाग आहे हे निदान मान्य झालं. पण किती लोकांना द्यायचं यावर त्याआधीच वरून मर्यादा घातलेली होती: महाराष्ट्रात खेड्यातल्या ७६.३२ टक्के लोकांना मिळणार आणि शहरातल्या ४५.३४ टक्के. तेवढे भरले की बास. यालाच ऑफिसात इष्टांक म्हणतात. केशरी कार्डातही आता दोन जाती झाल्या, शिक्का असलेलं आणि शिक्का नसलेलं. ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का पडला तर धान्य, नाही पडला तर नुसतं केशरी पुस्तक. त्यामुळं कुणी ‘आमचं केशरी आहे’ असं सांगितलं तर त्यातून काहीच कळत नाही. मी वस्तीत लोकांना विचारतो तेव्हा रंग विचारतच नाही, ‘शिक्का आहे का’ एवढंच विचारतो.

आता पोरांकडं येऊ. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यात शहरी झोपडपट्ट्या चारच होत्या, मुंबईतली धारावी त्यातली एक. पण पुढं वाढ झाली ती मुख्यतः खेड्यापाड्यांत. शहरात अंगणवाडीला जागाच नाही, दहा बाय दहाची भाड्याची खोली, तिथंच वजनकाटा, तिथंच खिचडीचं पातेलं. डिसेंबर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सहा वर्षांखालची ४० मुलं असलेल्या वस्तीनं मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या, झोपडपट्टीलाही द्या. आदेश उत्तम होता, पण ज्या वस्तीला पालिका वस्तीच मानत नाही तिनं मागणी कुठल्या पत्त्यावरून करायची? २०१०-११ च्या सुमाराला देवनार डम्पिंगला लागून असलेल्या रफीकनगरात मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कुठं शहराची मान तिकडं वळली.

आणि एक गोष्ट आकड्यात येत नाही. आई सकाळी सातला घरकामाला जाते, दीड वर्षाचं पोर सात वर्षांच्या बहिणीकडं. ती त्याला चहात बिस्कीट बुडवून भरवते, मग अकराला पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट. पोर रडत नाही, पोट भरल्यासारखं वाटतं. दंडाला टेप लावली की साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल, तीव्र कुपोषित. पूर्वी याच पोराला वजनावरून ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं’ म्हणायचे, २००८ च्या सुमाराला तक्ते बदलले, आता सॅम म्हणतात, तीव्र कुपोषित याचंच इंग्रजी लघुरूप. आईला कुठलाच शब्द कळत नाही, ती म्हणते, खात नाही हो, अंगाला लागत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेली निघाली. त्याच काळात लॉकडाऊन आला, अंगणवाड्या बंद झाल्या, गरम खिचडीच्या जागी कोरडा शिधा घरपोच. शिक्का नसलेल्या केशरीवाल्यांना मे-जून २०२० मध्ये ८ रुपयांनी गहू, १२ रुपयांनी तांदूळ मिळाला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दुकानापुढं त्यांचीही रांग दिसली. मग ते थांबलं. जानेवारी २०२३ पासून शिक्केवाल्यांना धान्य फुकट झालं, बिनशिक्क्याचे होते तिथंच राहिले.

इष्टांक अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. मागच्या वर्षी एका बाईबरोबर मी कार्डात तिच्या लेकीचं नाव घालायला गेलो होतो, पोरगी दोन वर्षांची, कडेवर झोपलेली. रेशनच्या भाषेत माणूस म्हणजे युनिट, एक युनिट वाढलं की पाच किलो वाढतात. खिडकीतल्या माणसानं नाव चढवून दिलं, चांगला बोलला, आणि म्हणाला, ताई, नाव चढलं, पण धान्य इष्टांक रिकामा झाल्यावर, अधूनमधून विचारत जा.