उंच पाठीच्या जुन्या खुर्च्या: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

साधारण १९४५ ते १९७० या काळातल्या उंच पाठीच्या खुर्च्या आम्ही शोधतो, दुरुस्त करतो आणि विकतो. दुकान बेळगावात आहे. गिऱ्हाईक शहरातलं तर आहेच, पण खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडूनही लोक येतात आणि अलीकडे चंदगड-गडहिंग्लजहूनही येऊ लागले आहेत. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात: खुर्ची खरी कशी ओळखायची, पॉलिश काढायचं की ठेवायचं, वेत बदलायचा की नाही. दुकानात गर्दीच्या वेळी याची नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

आमचं मत आधीच सांगतो. नावाला पैसे देऊ नका, सांध्याला द्या. खुर्ची कुणाची म्हणून विकली जाते यापेक्षा ती कशी जोडली आहे, हे जास्त महत्त्वाचं.

कसल्या खुर्च्या म्हणतोय आपण

दुसऱ्या महायुद्धानंतर फर्निचरमधलं कोरीवकाम गेलं, वेलबुट्टी गेली, जड पाय गेले. पाय खाली निमुळते झाले, मागचे पाय तिरपे झाले, हातांना हलकी वळणं आली. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरने १९४७ मध्ये पंख्यासारख्या उंच पाठीची ‘पीकॉक’ केली आणि १९५१ मध्ये भरगच्च गादीची ‘पापा बेअर’. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स यांची लाकूड-चामड्याची आरामखुर्ची १९५६ ची. आर्ने याकोबसेनची ‘एग’ १९५८ ची, कोपनहेगनच्या एका हॉटेलासाठी केलेली. उंच पाठीच्या खुर्चीची आजही जी नक्कल होते ती बहुतेक यातल्याच कुणाची तरी.

भारतात हे वारं चंडीगडमधून जोरात आलं. चंडीगड शहर आखणारा वास्तुकार ले कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तिथे राहिला. कचेऱ्या, ग्रंथालयं, न्यायालय आणि घरं यांच्यासाठी त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. त्या देशी सुतारांनी बनवल्या. पुढे त्यातल्या कितीतरी भंगारात लिलाव झाल्या आणि परदेशात गेल्यावर लाखांत विकल्या गेल्या. ही गोष्ट बाहेर आल्यापासून ‘चंडीगड’ हा शब्द प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी आहे.

आपल्या भागात खरोखर काय सापडतं

खरं सांगायचं तर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या जुन्या घरांतून आमच्याकडे येतं त्यात डेन्मार्कची खुर्ची जवळजवळ नसते. येतात त्या त्या काळात इथल्याच सुतारांनी केलेल्या खुर्च्या. मुंबईहून आलेली एखादी खुर्ची किंवा मासिकातलं चित्र समोर ठेवून, घरच्या सागवानात, घरच्या मापाने बनवलेल्या. कॅम्पातल्या बंगल्यांतून निघालेल्या आहेत, तंबाखूच्या पेढ्यांच्या कचेऱ्यांतल्या आहेत, डॉक्टर-वकिलांच्या आहेत. खानापूरकडे काही घरांत गोव्याहून आलेल्या उंच पाठीच्या वेती खुर्च्याही आहेत. पण त्यातल्या कोरीवकाम असलेल्या बहुतेक जुन्या वळणाच्या, या काळाच्या नव्हेत.

या स्थानिक खुर्च्या जमवण्यासारख्या आहेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. डॅनिश खुर्चीची पाठ उंच आणि बैठक खोल, म्हणजे रेलून बसायची. आपल्याकडच्या सुताराने तीच पाठ ठेवली पण बैठक रुंद केली, कारण घरातली माणसं खुर्चीवरही मांडी घालून बसतात. हातही रुंद केले, चहाची कपबशी ठेवता यावी म्हणून. हा बदल कुठल्याही परदेशी यादीत नाही. तो फक्त इथल्या सोप्यातल्या खुर्च्यांत आहे, आणि अशा खुर्च्या दर वर्षी सोफासेट घेताना जुन्या बाजारात दिल्या जातात.

म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक खुर्चीला चिठ्ठी असते: लाकूड कोणतं, कुठल्या गावच्या घरातून आली, काय बदललं. कारागीर कळला नसेल तर ती ओळ मोकळी सोडतो. तिथे मोठं नाव लिहून किंमत वाढवायची नाही.

आधी खुर्ची उलटी करा

पुढून पॉलिश मारलेली खुर्ची सगळ्यांनाच आवडते. विकत घेणाऱ्याने ती उलटी करून बघावी. दुकानदार तयार नसेल तर तिथून निघावं.

बैठकीखाली लाकूड कसं आहे ते बघा. जुन्या सागवानाला हवा लागून आलेला करडा-तपकिरी रंग एकसारखा नसतो. जिथे पट्टी झाकलेली होती तिथे फिकट आणि उघडी होती तिथे गडद असतो. मुद्दाम जुन्या केलेल्या खुर्चीत खाचाखोचांतही सारखाच गडद रंग बसलेला दिसतो. करवतीच्या खुणा सरळ पण कमी-जास्त अंतराच्या असतील तर बहुधा हातकरवतीचं काम. गोलाकार असतील तर यंत्राचं. यंत्र म्हणजे खोटं असं नाही, पण ‘हाताने केलेली’ म्हणून सांगितलं असेल तर ती खूण बघावी.

स्क्रू बघा. त्या काळातल्या आपल्याकडच्या कामात बहुधा सरळ एका खाचेचे स्क्रू असतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर एक तर नंतर दुरुस्ती झाली आहे किंवा खुर्चीच नवी आहे. गादीचं कापड लहान खिळ्यांनी ठोकलेलं असावं. पिनगनच्या पिना दिसल्या तर कापड बदललेलं आहे. कापड बदलणं हा दोष नाही, लपवणं हा दोष आहे.

खाली रंगाने काढलेले आकडे आणि अक्षरं सापडली की लोक खूश होतात. सरकारी आणि लष्करी सामानावर असे नंबर घालण्याची पद्धत देशभर होती, त्यामुळे नंबर असला म्हणजे चंडीगडची, असं होत नाही. शिवाय डबा आणि ब्रश असला की नंबर कुणीही घालू शकतो.

झीज कुठे आहे? माणूस बसतो तिथे झीज यायला हवी: हातांच्या टोकांना, बैठकीच्या पुढच्या कडेला, पाठीच्या वरच्या पट्टीवर, पायांच्या तळाला. पाठीमागे, जिथे कुणाचा हात जात नाही तिथे ओरखडे आणि हातांची टोकं मात्र कोरीकरकरीत असतील तर शंका घ्या.

उंच पाठ आणि तिचा कमजोर सांधा

पाठ जितकी उंच, तितका मागे रेलणाऱ्या माणसाचा जोर खालच्या सांध्यावर जास्त पडतो. लांब पहारीने जसा कमी ताकदीत दगड हलतो, तसाच हा जोर. म्हणून अशा खुर्चीत सगळ्यात आधी सैल होतो तो मागचा पाय आणि बैठकीची चौकट जिथे भेटतात तो सांधा.

तपासायचं कसं? खुर्ची सपाट फरशीवर ठेवा. मागे उभे राहून पाठीची वरची पट्टी दोन्ही हातांनी धरा, हलकेच पुढे-मागे करा आणि कान द्या. करकर ऐकू आली तर सरस सुटला आहे. हे दुरुस्त होतं. सांधा उघडून, जुना सरस गरम पाण्याने सोडवून, पुन्हा चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवायचा. खिळा ठोकू नका. खिळ्याने करकर थांबते, पण लाकूड आतून फुटतं आणि पुढच्या वेळी सांधा दुरुस्त करण्यासारखा राहत नाही. आमच्याकडे येणाऱ्या खुर्च्यांत सगळ्यात जास्त नुकसान या एका खिळ्याने झालेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे मागच्या पायाचं वळण. उंच पाठीच्या खुर्चीत मागचा पाय आणि पाठीचा खांब बहुधा एकाच फळीतून वळणदार कापलेले असतात. वळणावर लाकडाचे धागे आडवे तुटतात आणि तिथे केसासारखी चीर पडते. बॅटरीच्या उजेडात दोन्ही खांब वरून खालपर्यंत बघा. चांगल्या सुताराने धाग्याचाच बाक असलेली फळी निवडलेली असते. अशी खुर्ची हाती आली तर सोडू नका.

मग बसून बघा, आणि घाई न करता बसा. पाठीचा फुगवटा कमरेच्या खळग्यात यायला हवा. डोकं मागे टेकलं पाहिजे, मान पुढे ढकलली जाता कामा नये. घरातल्या वयस्कर माणसांसाठी घेत असाल तर बैठक १७ ते १८ इंच उंच आणि हात पुढपर्यंत आलेले असावेत, म्हणजे उठताना जोर देता येतो. खोल, बुटकी आरामखुर्ची दिसायला सुंदर, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला तिच्यातून उठवत नाही. उंची जमत नाही म्हणून पाय कापू नका. गादी जाड-पातळ करता येते, कापलेला पाय परत येत नाही.

पॉलिश

जुनं पॉलिश शक्यतो काढू नका. सगळी खुर्ची घासून चकचकीत मेलामाइन मारून देणारे बरेच आहेत. त्याने खुर्ची नवी दिसते, आणि जमवणाऱ्याच्या दृष्टीने तिची निम्मी गोष्ट पुसली जाते.

आपल्याकडच्या खुर्च्यांवर बहुधा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश असतं. खात्री करायची तर न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाख. मेलामाइनला काही होत नाही. लाखेचा मोठा फायदा हा की जिथे गेलं तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो. तोटा असा की गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. त्यासाठी खुर्चीच्या हातावर छोटं फडकं ठेवावं, एवढंच.

डॅनिश पद्धतीच्या काही खुर्च्या नुसत्या तेलावर असतात. घरी जवसाचं तेल लावत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवाच: तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

वेत, गादी, कीड

चौकटीच्या कडेने बारीक भोकं असतील तर वेत हाताने विणलेला आहे. कडेला खाच आणि तिच्यात दाबलेली पट्टी असेल तर विणलेली तयार जाळी बसवली आहे. दोन्ही त्या काळात चालायचं. भोकांच्या खुर्चीला खाच पाडून तयार जाळी बसवणं मात्र आम्ही करत नाही, कारण चौकट कायमची बिघडते. वेत फक्त सैल झाला असेल तर बदलण्याआधी खालच्या, न चकाकणाऱ्या बाजूने ओलं फडकं फिरवा आणि सावलीत सुकू द्या; पुष्कळदा तो पुन्हा ताणला जातो. उंचावरचं काढायला वेतावर उभं राहायचं नाही, हे मुलांना सांगून ठेवा.

गाद्यांत मूळचा काथ्या आणि कापूस निघतो, नंतरच्यांत फोम. परदेशी खुर्च्यांना खाली बहुधा रबरी पट्टे असतात, ते वर्षांनी कडक होऊन तुटतात आणि बदलावेच लागतात. कापड फाटलं असलं तरी फेकू नका. वीतभर तुकडा पाकिटात घालून खुर्चीच्या चिठ्ठीसोबत ठेवा. घरात त्या खुर्चीवर बसलेल्या कुणाचा जुना फोटो किंवा सुताराची पावती असेल तर तीही. पुढे खुर्ची विकायची झाली तर हे कागद तुमच्या बाजूने बोलतात.

खुर्चीखाली बारीक पिठी पडत असेल तर कीड बहुधा जिवंत आहे. सागवानाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. अशी खुर्ची बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

आपल्याकडची हवा

कणकुंबी-आमगावचा पाऊस आणि अथणीचा उन्हाळा एकाच जिल्ह्यात आहेत. खानापूर तालुक्यातून उचललेली खुर्ची थेट अथणीच्या पत्र्याच्या घरात नेली तर लाकूड आकसतं आणि सांधे बोलायला लागतात. नवी आणलेली खुर्ची पहिले काही आठवडे खिडकी, पंखा आणि उन्हापासून लांब ठेवा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला पाठ टेकवू नका.

कायद्याचं थोडंसं

पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो, त्यामुळे १९५०-६० च्या खुर्च्या त्यात येत नाहीत. चंडीगडच्या वारसा फर्निचरचं वेगळं आहे: केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये त्याच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंधनं घातली. कागदपत्रांशिवाय ‘चंडीगड’ म्हणून कुणी खुर्ची देऊ लागलं तर घेऊ नका. शिसवी खुर्ची परदेशातल्या मुलाकडे पाठवायची असेल तर आधी चौकशी करा. शिसवाची जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. ब्राझिलियन रोझवुड तर १९९२ पासून त्याहून कडक यादीत आहे.

आमच्याकडे येताना

घरची खुर्ची दाखवायची असेल तर लगेच टेम्पो करू नका. आधी चार फोटो आणा: पुढून, बाजूने, मागून आणि उलटी करून खालून. खालचा फोटो नसेल तर अंदाज सांगता येत नाही. बैठकीची उंची आणि पाठीची एकूण उंची इंचात मोजून आणा. विकायची नसेल, नुसतं विचारायचं असेल तरी या. त्याचे पैसे घेत नाही.

काम सुरू करण्याआधी काय बदलणार आणि काय तसंच ठेवणार, हे लिहून देतो. काढलेला जुना भाग, मग तो मोडका हात असो की गंजलेला स्क्रू, पिशवीत घालून परत देतो. पावसाळ्यात वेताच्या कामाला जास्त दिवस लागतात, कारण ओला विणलेला वेत पूर्ण सुकल्याशिवाय खुर्ची आम्ही दुकानाबाहेर जाऊ देत नाही.