'सापडलं नाही' म्हणजे किती उरलं?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आलेल्या अण्णांनी हातावर पेढा ठेवला. "आजार गेला बघा. रिपोर्टात काहीच निघालं नाही. आता गोळी बंद!" अशोक चौकामागे त्यांचे टॉवेलचे माग आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना सीएमएल, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग निघाला. पेढा खाल्ला, पण रिपोर्टही मागून घेतला. त्यावर छापलं होतं, 'नॉट डिटेक्टेड'.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. आखूड झालेलं २२वं गुणसूत्र फिलाडेल्फियात १९६० साली दिसलं आणि ही अदलाबदल जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ओळखली. जोडावर बीसीआर-एबीएल हे नवं जनुक तयार होतं. त्याचं प्रथिन म्हणजे बटण अडकलेला माग, थांबायचं नावच नाही. पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालेलं इमॅटिनिब हे गोळीतलं औषध त्या प्रथिनाच्या ऊर्जा घ्यायच्या खाचेत जाऊन बसतं.

गोळी लागू पडली की आधी रक्तातल्या पेशींचा आकडा ताळ्यावर येतो, मग अस्थिमज्जेतलं ते आखूड गुणसूत्र दिसेनासं होतं. दोन्हींना रेमिशनच, म्हणजे रोग मागे हटणं, म्हणतात. खरी मजा त्यापुढे, पीसीआर चाचणीत आहे.

रक्तातल्या आरएनएवरून (म्हणजे जनुकाच्या पेशीतल्या कामचलाऊ नकलेवरून) डीएनए बनवायचा आणि त्यातल्या बीसीआर-एबीएलच्या तुकड्याच्या प्रती काढायच्या. दर फेरीला प्रती दुप्पट: १च्या २, २च्या ४. तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी! प्रती पुरेशा झाल्या की नळीतला रंग चमकू लागतो आणि यंत्र फक्त एवढंच टिपतं, की चमक कितव्या फेरीला आली. माल हजारपट कमी असेल तर चमक १० फेऱ्या उशिरा येते, कारण २ दहा वेळा गुणले की १०२४. डॉक्टर ज्याला ०.१ टक्का म्हणतात, तो टप्पा म्हणजे या १० फेऱ्या. ०.००३२ टक्के म्हणजे सुमारे १५ फेऱ्या, कारण २चा पंधरावा घात ३२,७६८. (हे टक्के अण्णांच्या स्वतःच्या पहिल्या रिपोर्टाशी नव्हे, तर ठरवून दिलेल्या आंतरराष्ट्रीय मापाशी ताडलेले असतात. तरी प्रयोगशाळांच्या आकड्यांत थोडा फरक पडू शकतो, म्हणून चाचणी शक्यतो एकाच ठिकाणी करावी.)

आता हिशेब मांडा. निदानाच्या वेळी शरीरात ढोबळमानाने १ लाख कोटी रोगट पेशी असतात. त्यांना ३२ हजारांनी भागलं तरी ३ कोटी उरतात. 'नॉट डिटेक्टेड' हा शब्द साधारण त्या पट्ट्यात सुरू होतो.

अण्णा पक्के कारखानदार. म्हणाले, "मग ३०च्या जागी ६० फेऱ्या मारा की!" प्रश्न रास्त आहे, पण फेऱ्या वाढवून उपयोग नाही. चाळिशीच्या आसपास नळीतलं साहित्य संपत येतं आणि खोटी चमकही दिसू शकते. शिवाय तपासायला घेतलेलं रक्त चमचा-दोन चमचेच. पेशी त्यात आलीच नाही तर वाढवणार काय? काही रोगट मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या पेशी, तर अस्थिमज्जेत निवांत झोपलेल्या असतात आणि त्यांना इमॅटिनिब फारसं मारत नाही.

गव्हांकुराच्या रसाने 'मुळापासून' बरं करणाऱ्यांना हे मूळ कुठे असतं हे एकदा विचारायला हवं.

तरी अण्णांची आशा अगदीच खुळी नव्हती. फ्रान्समध्ये दोन वर्षांहून अधिक काळ रोग न सापडलेल्या १०० जणांची गोळी थांबवून पाहिली. जवळपास ४० जणांत तो परतला नाही. बाकीच्यांत बहुतेक पहिल्या सात महिन्यांतच परतला आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली होतं, सुरुवातीला दरमहा पीसीआर करून. अण्णांचा हा 'नॉट डिटेक्टेड' पहिलाच.

त्यांनी रिपोर्टाची घडी घातली. "म्हणजे दोन वर्षं असंच निघायला पाहिजे," म्हणाले आणि पोराला फोन लावला, "येताना मेडिकलमधून माझी गोळी घेऊन ये रे."