आर भाषेतील क्लास-पद्धती व जेनेरिक फंक्शन

संख्याशास्त्रीय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या संगणकभाषेत एकाच नावाचे फंक्शन समोर आलेल्या ऑब्जेक्टच्या (साठवलेल्या माहितीच्या एककाच्या) जातीप्रमाणे वेगवेगळे काम करते. अशा फंक्शनला जेनेरिक फंक्शन, त्याच्या विशिष्ट जातीसाठी लिहिलेल्या रूपाला मेथड आणि ऑब्जेक्टच्या जातीला क्लास म्हणतात. क्लाससाठी ‘वर्ग’ हा मराठी पर्याय रूढ आहे. मात्र संख्याशास्त्रात वर्गांतर आणि न्यूनतम वर्ग अशा दोन अर्थांनी तो आधीच वापरात असल्याने येथे क्लास हाच शब्द ठेवला आहे.

‘समरी’ या फंक्शनला आकड्यांचा स्तंभ दिला, तर किमान, पहिले चतुर्थक, मध्यक, सरासरी, तिसरे चतुर्थक व कमाल अशा ६ संख्या मिळतात. फॅक्टर (गटांची नावे असलेला स्तंभ) दिला तर प्रत्येक गटाची वारंवारता मिळते. रेषीय रिग्रेशनचे मॉडेल दिले तर सहगुणकांचा तक्ता, त्यांच्या प्रमाण त्रुटी आणि आर-वर्ग (मॉडेल माहितीशी किती जुळते याचे माप) समोर येतो. ‘भात खाल्ला’, ‘पोळी खाल्ली’ यांत क्रियापद एकच असून त्याचे रूप कर्माप्रमाणे ठरते, तसाच हा प्रकार आहे.

या पद्धतीचा उगम एस या पूर्वसुरी भाषेत आहे. जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत एसची उभारणी सुरू केली. क्लासच्या आगमनासाठी सामान्यतः १९९२ हे वर्ष देतात. चेंबर्स व ट्रेव्हर हेस्टी यांनी संपादित केलेल्या, एसमधील संख्याशास्त्रीय मॉडेलांवरील ग्रंथाचे ते प्रकाशनवर्ष होय. प्रत्यक्ष आज्ञावली त्याआधी काही काळ वापरात असावी. या क्लास-पद्धतीला मिळालेल्या ‘एस३’ या नावातील ३ हा आकडा एस भाषेच्या आवृत्तीचा आहे. एस१, एस२ नावाच्या क्लास-पद्धती कधीच नव्हत्या, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ गोंधळ होतो. वैचारिक वंशाबद्दल दोन मांडण्या आढळतात. एक सिम्युला या जुन्या संगणकभाषेपासून निघालेल्या सर्वसाधारण ऑब्जेक्ट-ओरिएंटेड परंपरेकडे बोट दाखवते, तर दुसरी कॉमन लिस्प या भाषेच्या ऑब्जेक्ट-पद्धतीकडे. सिम्युलाच्या परंपरेत मेथड क्लासच्या पोटात असते, लिस्पच्या पद्धतीत ती फंक्शनच्या मालकीची असते. आरचा व्यवहार दुसऱ्या प्रकारचा असल्याने लिस्पशी नाते अधिक जवळचे मानणे सयुक्तिक वाटते.

एस३ मध्ये क्लास म्हणजे ऑब्जेक्टला चिकटवलेली नावांची चिठ्ठी. ‘जीएलएम’ या फंक्शनने बनवलेल्या सामान्यीकृत रेषीय मॉडेलवर ‘जीएलएम’ व ‘एलएम’ (साधे रेषीय मॉडेल) अशी दोन नावे या क्रमाने असतात. जेनेरिक फंक्शन स्वतःच्या नावापुढे टिंब देऊन क्लासचे नाव जोडते आणि त्या नावाची मेथड शोधते. पहिल्या नावाची नसेल तर दुसऱ्याची, तीही नसेल तर ‘डिफॉल्ट’. निवड पहिल्या आर्ग्युमेंटवरून, म्हणजे फंक्शनला दिलेल्या पहिल्या ऑब्जेक्टवरून होते. बेरजेसारख्या क्रियांमध्ये मात्र दोन्ही बाजू पाहिल्या जातात. टिंबाची ही योजना सुटसुटीत असली तरी संदिग्ध आहे. ‘टी.डेटा.फ्रेम’ ही ‘डेटा.फ्रेम’ (तक्ता) क्लाससाठी ‘टी’ची, म्हणजे ओळी व स्तंभांची अदलाबदल करणाऱ्या फंक्शनची, मेथड आहे की ‘फ्रेम’ क्लाससाठी ‘टी.डेटा’ची, हे नुसत्या नावावरून कळत नाही. पहिले उत्तर बरोबर. ‘टी.टेस्ट’ ही सरासरींची तुलना करणारी चाचणी तर ‘टी’ची मेथडच नव्हे. शिवाय चिठ्ठीची पडताळणी होत नाही. साध्या आकड्यांच्या यादीवर ‘एलएम’ लिहिले तरी आर ते मुकाट मान्य करते, आणि छापायला गेल्यावर त्रुटी येते.

१९९८ च्या सुमारास चेंबर्स यांनी मांडलेल्या एस४ मध्ये क्लासची औपचारिक व्याख्या करावी लागते. प्रत्येक स्लॉटमध्ये (ऑब्जेक्टच्या नाव दिलेल्या कप्प्यात) कोणत्या प्रकारची माहिती राहील ते आधी ठरते, वैधतेची तपासणी जोडता येते आणि मेथडची निवड एकाहून अधिक आर्ग्युमेंटांवरून होऊ शकते. विरळ (बहुतांश शून्ये असलेल्या) व भरीव मॅट्रिक्सच्या गुणाकारात याचा खरा लाभ दिसतो, कारण तेथे योग्य रीत दोघांच्या जोडीवर अवलंबून असते. ‘मॅट्रिक्स’ हे पॅकेज व जीवशास्त्रीय माहितीसाठीचा बायोकंडक्टर प्रकल्प एस४ वरच उभे आहेत.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रचलेल्या आरने एस३ स्वीकारली. एस४ तीत २००१ च्या अखेरीच्या सुमारास आली. तरीही मॉडेलांच्या क्षेत्रात एस३ चेच प्राबल्य टिकले, आणि ते उचितही आहे. नव्या संख्याशास्त्रीय पद्धतीचा कर्ता ‘प्रिंट’, ‘समरी’, ‘प्रेडिक्ट’ यांच्या ४-५ मेथडी लिहितो आणि वापरणाऱ्याला नवे फंक्शन पाठ करावे लागत नाही.

२०१० मधील रेफरन्स क्लास आणि २०१४ मधील आर६ पॅकेज यांत मेथड ऑब्जेक्टच्याच पोटात असते व ऑब्जेक्ट नवी प्रत न बनता जागच्या जागी बदलतो. अलीकडील एस७ हा एस३ व एस४ यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न असून ३ आणि ४ यांच्या बेरजेवरून त्याला हे नाव मिळाले आहे.